साठ चौरस मीटरचे घर: पोर्तुगालच्या दीर्घ मुक्कामाच्या व्हिसाचे एक प्रकरण

लिस्बन शहरात २०२३ साली नव्याने झालेल्या भाडेकरारांचे मध्यक भाडे (निम्मी भाडी ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात ते) दर चौरस मीटरमागे महिन्याला १५ युरोंच्या आसपास होते. साठ चौरस मीटरचे, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण साडेसहाशे चौरस फुटांचे घर घ्यायचे, तर त्याचे भाडे महिन्याला सुमारे ९०० युरो होते. त्या वर्षी पोर्तुगालमधला सरासरी ढोबळ, म्हणजे कपातींपूर्वीचा, मासिक पगार १,५०० युरोंच्या जवळपास होता आणि किमान वेतन ७६० युरो होते. तिथे पगार वर्षातून चौदा वेळा मिळतो. हे जमेस धरून किमान वेतन बारा महिन्यांवर पसरवले, तरी ते या घराच्या भाड्याच्या खालीच राहते. परदेशी कंपनीचे काम पोर्तुगालमध्ये बसून करू इच्छिणाऱ्यांना जो व्हिसा मिळतो, त्याच्यासाठी मात्र किमान वेतनाच्या चौपट उत्पन्नाची अट आहे. २०२३ साली ही रक्कम ३,०४० युरो होती. म्हणजे या व्हिसावर आलेल्यांतला सर्वांत कमी मिळकतीचा माणूसदेखील ते घर आपल्या उत्पन्नाच्या तीस टक्क्यांहून कमी खर्चात घेऊ शकत होता, आणि सरासरी पगाराच्या स्थानिक माणसाला त्याच घरासाठी साठ टक्के द्यावे लागत होते.

हे प्रकरण या तफावतीचे आहे. दूरस्थ काम करणारे लोक, परदेशी निवृत्तिवेतनधारक आणि गुंतवणूकदार यांना दीर्घ मुक्कामासाठी बोलावण्याचे धोरण पोर्तुगालने साधारण पंधरा वर्षे राबवले. त्यातून देशाच्या हाती काय आले, त्याची किंमत कोणी मोजली आणि ती किंमत हिशेबाच्या वहीत उशिरा का उतरली, याचा हा अभ्यास आहे. स्पेन, क्रोएशिया, एस्टोनिया, थायलंड आणि आणखी कितीतरी देशांनी अशा प्रकारचे व्हिसा सुरू केले आहेत. पण पोर्तुगालमध्ये हे धोरण इतरांच्या बरेच आधी, टप्प्याटप्प्याने आणि भरघोस करसवलतींसह आले, त्यामुळे त्याचे परिणाम तिथे अधिक स्पष्ट दिसतात.

पार्श्वभूमी

पोर्तुगालने हे दरवाजे अडचणीच्या काळात उघडले. २०११ साली देशाला युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्याकडून ७८ अब्ज युरोंचे साहाय्य घ्यावे लागले आणि त्याबरोबर कडक काटकसरीच्या अटीही स्वीकाराव्या लागल्या. २०१३ साली बेरोजगारी १६ टक्क्यांच्या वर होती. शिकलेली तरुण मंडळी लंडन, पॅरिस, झुरिक अशा शहरांकडे निघून जात होती, आणि जुन्या लिस्बनमध्ये पडक्या, बंद घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या होत्या. १९८१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती, ती २०२१ साली साडेपाच लाखांच्या आत आली. अशा अवस्थेत बाहेरून पैसा घेऊन येणारा प्रत्येक माणूस स्वागतार्ह वाटणे स्वाभाविक होते, आणि त्या वेळच्या धोरणकर्त्यांना आज सरसकट दोष देणे मला न्याय्य वाटत नाही.

या धोरणाचे घटक वेगवेगळ्या वर्षी आणि वेगवेगळ्या हेतूंनी आले. २००७ च्या परदेशी नागरिकविषयक कायद्यातून पुढे डी-७ या नावाने ओळखला जाणारा व्हिसा आला. निवृत्तिवेतन, भाडे, लाभांश अशी स्थिर मिळकत असणाऱ्यांसाठी तो होता आणि त्याची उत्पन्नाची अट किमान वेतनाइतकीच, म्हणजे अगदी माफक होती. २००९ साली 'अनिवासी स्वरूपाचा रहिवासी' अशा काहीशा विचित्र नावाची करयोजना आली. तिच्यानुसार नव्याने करनिवासी, म्हणजे कराच्या दृष्टीने देशाचा रहिवासी, झालेल्या व्यक्तीला दहा वर्षे सवलत मिळत असे. सॉफ्टवेअरसारख्या ठरावीक 'उच्च मूल्याच्या' व्यवसायांतून पोर्तुगालमध्ये मिळवलेल्या उत्पन्नावर सरसकट २० टक्के कर होता, आणि परदेशातून येणाऱ्या निवृत्तिवेतनावर २०२० पर्यंत बहुतांशी काहीच कर नव्हता. त्यानंतर तो १० टक्के झाला. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये 'गोल्डन व्हिसा' आला आणि पाच लाख युरोंची मालमत्ता घेणाऱ्याला निवासाचा परवाना मिळू लागला. पुढच्या अकरा वर्षांत या मार्गाने सात अब्ज युरोंहून अधिक गुंतवणूक आली, पण तिच्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपासचा भाग घरे आणि इमारती यांत गेला. कारखाने आणि नोकऱ्या यांत आलेला वाटा अगदी थोडा राहिला.

दूरस्थ काम करणाऱ्यांचा स्वतंत्र व्हिसा, ज्याला डी-८ म्हणतात, तो ३० ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाला. तो सर्वांत शेवटी आला असला तरी चर्चा मात्र त्याचीच सर्वाधिक झाली. त्याच्या आधीही लॅपटॉपवर काम करणारे परदेशी लिस्बनमध्ये होतेच. काही जण डी-७ वर आले होते, युरोपीय संघाचे नागरिक व्हिसाशिवाय आले होते, आणि अनेक जण पर्यटक म्हणून येऊन राहिले होते. २०१६ साली वेब समिट हा मोठा तंत्रज्ञान मेळावा डब्लिनहून लिस्बनला हलला, तेव्हापासून या शहराचे नाव या वर्तुळात पक्के झाले.

भाडेकायद्याची बाजू

या प्रकरणात व्हिसाइतकेच, कदाचित त्याहून अधिक महत्त्व भाडेकायद्याला आहे, आणि मुंबईच्या वाचकाला तो भाग समजायला वेळ लागणार नाही. लिस्बन आणि पोर्तो या शहरांतील भाडी १९४८ पासून गोठवलेली होती. मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्याने १९४० च्या पातळीवर भाडी बांधली गेली आणि त्यातून चाळींची दुरुस्ती थांबली, पागडीची पद्धत रुजली, घरमालकाला घरात रस उरला नाही. लिस्बनच्या अल्फामा आणि मोरारिया या वस्त्यांतही असेच घडले. महिन्याला नाममात्र भाडे देणारे वृद्ध भाडेकरू, गळकी छपरे आणि हात वर केलेले मालक, अशी तिथली स्थिती होती.

साहाय्याच्या अटींचा भाग म्हणून २०१२ साली नवा भाडेकायदा झाला. जुने करार नव्या पद्धतीत आणणे आणि कराराची मुदत संपल्यावर भाडेकरूला बाहेर काढणे मालकाला बरेच सोपे झाले. २०१४ साली अल्पमुदतीच्या पर्यटकी भाड्याची नोंदणी सुलभ करणारा कायदा आला. मुंबईत जे बदल सत्तर वर्षांत अर्धवट झाले, ते लिस्बनमध्ये दोन-तीन वर्षांत बऱ्याच अंशी झाले, आणि नेमक्या त्याच काळात बाहेरची क्रयशक्ती शहरात उतरत होती. पडक्या इमारती दुरुस्त झाल्या, ही गोष्ट खरीच आहे आणि तिचे मोल कमी लेखू नये. पण दुरुस्त झालेल्या घरांत जुने रहिवासी क्वचितच परतले. २०१८ साली अल्फामा, मोरारिया, कास्तेलो, बायरो आल्तो आणि मद्रागोआ या भागांत पर्यटकी भाड्याच्या नव्या नोंदी थांबवण्याची वेळ नगरपालिकेवर आली.

पोर्तुगालमध्ये सार्वजनिक मालकीच्या, परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचे प्रमाण एकूण घरांच्या सुमारे दोन टक्के आहे, हेही इथे सांगितले पाहिजे. व्हिएन्नासारख्या शहरात मोठ्या संख्येने रहिवासी नगरपालिकेच्या किंवा मर्यादित नफ्याच्या घरांत राहतात, त्यामुळे बाजारभाव कितीही चढला तरी त्यांच्यापर्यंत त्याची झळ सौम्य होऊन पोचते. लिस्बनमधल्या भाडेकरूला असा आडोसा मिळाला नाही.

हाती काय आले

परदेशी कंपनीचा पगार घेऊन लिस्बनमध्ये राहणारा माणूस अर्थशास्त्राच्या दृष्टीने निर्यातीसारखा असतो. तो स्थानिक नोकरी घेत नाही आणि पैसा मात्र स्थानिक बाजारात खर्च करतो. त्याच्या बहुतेक खरेदीवर मूल्यवर्धित कर भरला जातो, जो पोर्तुगालमध्ये सर्वसाधारण वस्तूंवर २३ टक्के आहे. तो उपाहारगृहात जेवतो, दात दाखवायला खाजगी दवाखान्यात जातो, पोर्तुगीजची शिकवणी लावतो. पर्यटक तीन-चार दिवस राहतो आणि उन्हाळ्यात गर्दी करतो, तर हा माणूस नोव्हेंबरमध्येही असतो.

शेवटच्या मुद्द्याचे चांगले उदाहरण पोर्तुगालच्या अटलांटिक महासागरातल्या मदैरा बेटावर सापडते. फेब्रुवारी २०२१ मध्ये, महामारीमुळे पर्यटन जवळजवळ थांबलेले असताना, बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोंता दो सोल या गावात डिजिटल भटक्यांसाठी, म्हणजे लॅपटॉपवर दूरस्थ काम करत ठिकठिकाणी राहणाऱ्यांसाठी, एक 'गाव' उघडण्यात आले. अमेरिकन कादंबरीकार जॉन दोस पासोस यांचे आजोबा याच गावचे होते, आणि त्यांच्या नावाच्या सांस्कृतिक केंद्रात टेबले-खुर्च्या आणि इंटरनेट फुकट उपलब्ध करून देण्यात आले. प्रादेशिक सरकारला त्यासाठी फारसा खर्च आला नाही. ज्या हिवाळ्यात गावातली उपाहारगृहे बंदच राहिली असती, त्या हिवाळ्यात त्यांना गिऱ्हाईक मिळाले. एवढ्यावर थांबले तर हा निर्भेळ लाभ दिसतो. पण काही हजार वस्तीच्या गावात भाड्याने मिळणारी घरे मुळात मोजकीच असतात, आणि ती महिन्या-दोन महिन्यांच्या मुक्कामासाठी वळू लागली की गावातल्या शिक्षकाला किंवा हॉटेलच्या कामगाराला घर शोधणे जड जाते. ही तक्रार मदैरावरही फार लवकर सुरू झाली.

लाभाच्या यादीत सामाजिक सुरक्षेचे आकडे नेहमी पुढे केले जातात. २०२३ साली परदेशी नागरिकांनी पोर्तुगालच्या सामाजिक सुरक्षा निधीत अडीच अब्ज युरोंहून अधिक भरणा केला आणि त्यांना मिळालेले लाभ अर्ध्या अब्जाच्याही आत होते. वेगाने म्हातारा होत चाललेल्या देशासाठी ही मोठीच गोष्ट आहे. मात्र हा आकडा डिजिटल भटक्यांच्या समर्थनासाठी वापरला जातो तेव्हा त्यात गल्लत होते. २०२३ च्या अखेरीस देशात दहा लाखांहून अधिक परदेशी रहिवासी होते. २०१७ साली ही संख्या सव्वाचार लाखांच्या आसपास होती. या दहा लाखांत एक तृतीयांशाहून अधिक ब्राझीलचे नागरिक होते, आणि भारत, नेपाळ, बांगलादेश येथून आलेले कामगार मोठ्या संख्येने होते. दक्षिणेकडच्या आलेंतेजू प्रांतातील ओदेमिरा परिसरात प्लास्टिकच्या छताखाली रास्पबेरी तोडणारे, लिस्बनमध्ये दुचाकीवरून जेवण पोचवणारे आणि उपाहारगृहांच्या मुदपाकखान्यात भांडी घासणारे हे लोक पगारातून नियमित वर्गणी कापून देतात. डी-८ व्हिसा घेतलेल्यांची संख्या पहिल्या वर्षी काही हजारांच्या घरातच होती. शिवाय जो स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंदणी करतो, त्याला सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीतून पहिले वर्षभर सूट असते. निधी भरला तो मुख्यतः कष्टकरी स्थलांतरितांनी, आणि त्याचे श्रेय लॅपटॉपवाल्यांच्या नावावर टाकणे हा त्या कष्टकऱ्यांवर अन्याय आहे, असे मला वाटते.

ज्ञानाच्या प्रसाराबद्दलही असेच सावधपणे बोलावे लागते. बाहेरचे कुशल लोक आले की स्थानिक उद्योग वाढतात, असा दावा केला जातो. जे लिस्बनमध्ये कंपनी काढतात किंवा स्थानिक कंपनीत रुजू होतात, त्यांच्या बाबतीत तो खरा ठरतो. पण दूरस्थ कामगाराचे सहकारी, वरिष्ठ आणि ग्राहक देशाबाहेरच असतात. दिवसाचे आठ तास तो शरीराने लिस्बनमध्ये आणि कामाने बर्लिन किंवा सिॲटलमध्ये असतो.

थोड्या माणसांनी एवढा फरक कसा पडला

या प्रकरणात वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा, की एक कोटीहून अधिक लोकसंख्येच्या देशात काही हजार डिजिटल भटक्यांमुळे भाडी कशी वाढतील? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल.

पहिली गोष्ट म्हणजे भाडे शहरातल्या सर्व घरांवर ठरत नाही. ते त्या वर्षी रिकाम्या होणाऱ्या घरांवर ठरते. ज्यांचे करार चालू आहेत किंवा जे स्वतःच्या घरात राहतात, ते बाजारात नसतात. शहराच्या मध्यवर्ती भागात वर्षाला जी मोजकी घरे भाड्याला निघतात, त्यांच्यासाठी दुप्पट क्रयशक्तीचे काही हजार नवे गिऱ्हाईक उभे राहिले, तर मालक दर त्यांच्या खिशाकडे बघून लावतो. मग तोच दर शेजारच्या वस्तीतल्या मालकाच्या कानावर जातो, आणि मध्यभागातून बाहेर पडलेला स्थानिक भाडेकरू त्या वस्तीत घर शोधू लागतो, तेव्हा तिथलाही दर चढतो.

दुसरी गोष्ट पुरवठ्याची. या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगालमध्ये वर्षाला लाखाहून अधिक नवी घरे पूर्ण होत होती. संकटानंतर, २०१४-१५ च्या सुमारास, हा आकडा दहा हजारांच्या खाली गेला. बांधकाम कामगार फ्रान्स-स्वित्झर्लंडला गेले, अनेक बांधकाम कंपन्या बुडाल्या. २०२१ च्या जनगणनेत देशात सात लाखांहून अधिक घरे रिकामी नोंदली गेली, पण त्यांतली कितीतरी ओस पडलेल्या गावांत होती, कितीतरी वारसांच्या भांडणात अडकलेली होती, आणि लिस्बनमध्ये नोकरी करणाऱ्याला त्यांचा उपयोग नव्हता. मागणी वाढली की पुरवठा वाढेल, हे पाठ्यपुस्तकातले विधान इथे कित्येक वर्षे लागूच पडले नाही. २०१५ ते २०२३ या काळात पोर्तुगालमधल्या घरांच्या किमती दुपटीहून अधिक झाल्या.

तिसरी गोष्ट मोजणीची आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या आकड्यांनुसार २०२२ साली परदेशी खरेदीदारांचा वाटा घरविक्रीच्या संख्येत सहा-सात टक्के होता आणि एकूण किमतीत अकरा टक्क्यांच्या आसपास होता. एवढ्या लहान वाट्याला दोष कसा द्यायचा, असा युक्तिवाद त्यावरून केला गेला. पण हे आकडे खरेदीदाराच्या करपत्त्यावर, म्हणजे कराच्या नोंदीतल्या त्याच्या पत्त्यावर, आधारलेले आहेत. जो परदेशी माणूस दीर्घ मुक्कामाचा व्हिसा घेऊन आला, करनिवासी झाला आणि मग घर घेतले, त्याचा करपत्ता पोर्तुगालमधलाच असतो, म्हणून तो या वर्गीकरणात 'देशांतर्गत' खरेदीदार ठरतो. म्हणजे ज्या धोरणाचा परिणाम मोजायचा, ते धोरण यशस्वी झाले की त्याचा परिणाम तक्त्यातून नाहीसा होतो. हा कोणी मुद्दाम केलेला प्रकार नव्हे. सांख्यिकीची व्याख्या दुसऱ्या कामासाठी केलेली होती. पण धोरणाची चर्चा अनेक वर्षे या अपुऱ्या आकड्यावर चालली.

तरीही सगळा दोष या व्हिसावर टाकणे चूक ठरेल. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे व्याजदर जवळजवळ एक दशक तळाशी होते, पर्यटन झपाट्याने वाढले, आणि ब्राझील व दक्षिण आशियातून आलेल्या लाखो कामगारांनाही घरे हवी होती. २०२२ पासून व्याजदर चढले तेव्हा बदलत्या दराचे गृहकर्ज असणाऱ्या कुटुंबांचे हप्ते वाढले, आणि पोर्तुगालमध्ये अशाच कर्जांचे प्रमाण फार मोठे आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की ताणलेल्या बाजारात चढ्या क्रयशक्तीचे गिऱ्हाईक करसवलत देऊन आणण्याचा निर्णय सरकारचा होता, आणि बाकीची अनेक कारणे सरकारच्या हातात नव्हती.

याचा फटका कोणाला बसला, हे पाहण्यासाठी शाळांकडे पाहावे. पोर्तुगालमध्ये सरकारी शाळेतल्या शिक्षकांच्या नेमणुका देशपातळीवर होतात आणि उत्तरेकडच्या अनेक शिक्षकांना लिस्बन किंवा दक्षिण किनाऱ्यावरचा अल्गार्व्ह इथे नेमणूक मिळते. तिथल्या भाड्याला त्यांचा पगार पुरत नाही, म्हणून ते नेमणूक स्वीकारत नाहीत आणि वर्गात शिक्षक नसतो. अखेर दूर नेमणूक झालेल्या शिक्षकांसाठी सरकारला वेगळा भत्ता सुरू करावा लागला. करसवलतीच्या खर्चात हा भत्ता कुठेही धरला जात नाही, पण हा खर्च त्याच साखळीतला आहे.

करसवलतीचा हिशेब

२००९ च्या करयोजनेमुळे सोडलेला महसूल अलीकडच्या वर्षांत वर्षाला एक अब्ज युरोंच्या वर गेला होता. या आकड्याकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. सवलतीमुळेच जो माणूस आला, त्याच्याबाबत राज्याचे काही गेले नाही, उलट २० टक्के मिळाले. पण जो तसाही येणारच होता, त्याच्याबाबत ते निखळ नुकसान आहे. २०१० साली बहुतेक लोक पहिल्या गटात असतील, असे मानायला हरकत नाही. २०१९ पर्यंत मात्र लिस्बनची हवा, समुद्र, सुरक्षितता आणि प्रसिद्धी इतकी वाढली होती, की दुसरा गट मोठा झाला असावा. सवलत दर काही वर्षांनी तपासून कमी करत न्यायला हवी होती, आणि या प्रकरणातली सर्वांत मोठी धोरणात्मक चूक तिथेच झाली, असे माझे मत आहे.

युरोपातल्या इतर काही देशांनाही हे पटले नाही. फिनलंड आणि स्वीडन यांच्या निवृत्त नागरिकांचे निवृत्तिवेतन दोन्ही देशांत करमुक्त राहत होते. फिनलंडने पोर्तुगालबरोबरचा दुहेरी कर टाळण्याचा करार संपवला आणि २०१९ पासून तो लागू राहिला नाही, तर स्वीडनच्या बाबतीत हेच २०२२ पासून झाले.

देशातल्या माणसाच्या नजरेतून हा प्रश्न अधिक टोचणारा होता. एकाच इमारतीत, सारख्याच पगारावर, सारखेच सॉफ्टवेअरचे काम करणाऱ्या दोघांपैकी नवागताला २० टक्के कर आणि पोर्तुगीज माणसाला ४८ टक्क्यांपर्यंत चढत जाणारे टप्पे, ही व्यवस्था समजावून सांगणे कोणत्याही सरकारला कठीणच होते. पोर्तुगालमध्ये जन्मलेल्या १५ ते ३९ वयोगटातल्या लोकांपैकी सुमारे तीस टक्के देशाबाहेर राहतात, असा अंदाज २०२४ च्या सुरुवातीला तिथल्या स्थलांतर अभ्यासकांनी मांडला. परतणाऱ्या पोर्तुगीजांना २०१९ पासून काही वर्षे निम्म्या उत्पन्नावर करमाफी आणि पुढे तरुण पगारदारांना वेगळी सवलत द्यावी लागली. एका गटाला दिलेली सूट दुसऱ्या गटाला दिलेल्या सुटीने भरून काढायची, आणि दोन्ही सुटींतला पैसा पुन्हा घराच्या भाड्यात जिरायचा, असे हे चक्र झाले.

१ एप्रिल २०२३ रोजी लिस्बन, पोर्तो आणि इतर शहरांत राहण्यासाठी घर मागणाऱ्या लोकांचे मोठे मोर्चे निघाले आणि सप्टेंबरच्या शेवटी ते पुन्हा निघाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधान अंतोनियो कोश्ता यांनी ही करयोजना नव्या अर्जदारांसाठी बंद करण्याचे जाहीर केले. ती चालू ठेवणे म्हणजे करातला अन्याय लांबवणे आणि घरबाजार फुगवत राहणे आहे, अशी त्यांची भूमिका होती. कोश्ता यांचे पितृघराणे मडगावचे. २०१७ साली ते गोव्यात आले तेव्हा त्या घरालाही त्यांनी भेट दिली होती, आणि त्याच दौऱ्यात त्यांना परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्येच आलेल्या घरविषयक कायद्याने मालमत्ता खरेदीतून गोल्डन व्हिसा मिळण्याचा मार्गही बंद झाला. दूरस्थ कामगारांच्या व्हिसाला मात्र हात लावला गेला नाही.

गोव्याकडून पाहताना

गोव्यात १९६१ च्या डिसेंबरपूर्वी जन्मलेल्या व्यक्ती आणि त्यांचे वंशज लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व घेऊ शकतात, हे महाराष्ट्र-गोव्यात सर्वश्रुत आहे. त्यांतले बरेच जण युरोपीय संघाचे पारपत्र घेऊन ब्रेक्झिटपूर्वी इंग्लंडला गेले. असे नागरिकत्व घेऊन लिस्बनमध्ये राहू पाहणाऱ्या गोमंतकीयाला व्हिसाची गरज पडत नाही, पण साठ चौरस मीटरच्या घराची रांग त्यालाही चुकत नाही.

दुसरा धागा अधिक बोधक आहे. २०२० नंतर मुंबई, दिल्ली, बंगळूर इथली पगारदार मंडळी आसगाव, शिवोली, हणजूण या गावांत महिनोन्‌महिने राहू लागली, तेव्हा तिथली भाडीही चढली. त्यांना कोणत्याही व्हिसाची गरज नव्हती आणि करसवलतही मिळत नव्हती. भारताकडे असा व्हिसा नाही. महानगरातला पगार, गावातली मोजकी घरे आणि गावातल्या पगारावर जगणारे भाडेकरू, एवढ्या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि परिणाम लिस्बनसारखाच झाला. यावरून दिसते, की राष्ट्रीयत्व किंवा पारपत्र हे या यंत्रणेचे चाक नाही. चाक आहे ते एका ठिकाणी कमावलेली आणि दुसऱ्या ठिकाणी खर्च होणारी मिळकत. लिस्बनमध्ये 'परदेशी नकोत' अशा घोषणांचा जोर वाढला, तेव्हा त्यांचा राग झेलला तो मोरारियातल्या बांगलादेशी दुकानदारांनी आणि दुचाकीवरच्या भारतीय पोऱ्यांनी, ज्यांची मिळकत भाडी चढवण्याइतकी नव्हती. ते स्वतः एका खोलीत सहा-आठ जण राहत होते.

पुढे काय झाले

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस जुनी परदेशी नागरिक सेवा मोडून नवी संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्यापुढे तीन लाखांहून अधिक प्रलंबित प्रकरणे होती. त्यांत अमेरिकेतून आलेले निवृत्त लोक होते, तसे ओदेमिराचे शेतमजूरही होते. २०२४ मध्ये लुईश मोंतेनेग्रो यांचे सरकार आले आणि पर्यटकी भाड्यावरची आधीच्या सरकारची देशव्यापी बंधने त्याने बरीचशी मागे घेऊन निर्णय नगरपालिकांकडे सोपवला. जुन्या करयोजनेच्या जागी संशोधन आणि नवोद्योग यांपुरती मर्यादित नवी सवलत आली. तिचा दर २० टक्केच आहे, पण देशातल्या पात्र संस्थेत किंवा उद्योगात काम करण्याची अट तिला आहे. नुसते दूरस्थ काम करणारा तिच्यात सहसा बसत नाही, आणि हा बदल मला योग्य दिशेचा वाटतो. डी-८ व्हिसाची उत्पन्नाची अट किमान वेतनाबरोबर चढत राहिली आणि २०२५ साली ती ३,४८० युरो झाली. त्या वर्षीचे किमान वेतन ८७० युरो होते.

जुनी सवलत नव्यांना बंद झाली असली, तरी ज्यांनी आधी नोंदणी केली त्यांची दहा वर्षे चालूच आहेत. संक्रमणकाळाच्या तरतुदीखाली २०२४ मध्ये नोंदणी झालेल्यांना ती २०३३ पर्यंत मिळत राहील. तोपर्यंत लिस्बनमधल्या एका घरासाठी मालकासमोर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांना दोन वेगळे करदर लागू असतील.